ऑर्लिन्स ॲव्हेन्यूवरचं जेवण

ह्यूस्टनच्या मराठी मंडळींमध्ये न्यू ऑर्लिन्सची सहल निघाली की हमखास दोन प्रश्न येतात. गाडी कुठे लावायची, आणि शाकाहारी काय मिळेल? पहिल्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. दुसऱ्याला कुणीतरी ‘तिकडे राजमा-भात मिळतो की’ असं ठोकून देतं. मिळतो हे खरं, पण त्या राजम्यात डुकराचं मांस शिजलेलं असतं, हे ताट समोर आल्यावर कळतं. आमच्या गाडीत भावजी, ताई आणि मी असे तिघेही मासेमटण खाणारे, त्यामुळे आम्ही निश्चिंत होतो.

ह्यूस्टनहून निघालं की आय-टेन हा महामार्ग थेट न्यू ऑर्लिन्सपर्यंत नेतो. पाच-सहा तासांचा रस्ता. टेक्सास संपून लुइझियाना लागलं की हवा जड होते आणि लाफायेत मागे पडल्यावर जमीनच संपते. अचाफलायाच्या दलदलीवरून जाणारा पूल जवळपास १८ मैलांचा आहे. दोन्ही बाजूंना पाण्यात उभे सायप्रस आणि बगळे. हा केजन लोकांचा मुलूख. १७५५पासून ब्रिटिशांनी आजच्या कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियातून हुसकून लावलेले फ्रेंच भाषक शेतकरी आणि कोळी पुढे इथे येऊन वसले. केजन आणि क्रिओल ही नावं अमेरिकेतली बरीच हॉटेलं एका दमात घेतात. ढोबळ फरक असा की केजन खेड्यातलं, क्रिओल शहरातलं. क्रिओल स्वयंपाकात फ्रेंचांचं लोणी आहे, स्पॅनिशांचा टोमॅटो आहे आणि रांधणारे हात बहुतेक आफ्रिकी आहेत. आम्हाला खायचं होतं ते हे शहरातलं.

हाच आय-टेन शहरात शिरताना खांबांवर चढतो. वरून जाणाऱ्याला छपरं दिसतात, स्टेडियमचा घुमट दिसतो आणि आपण ट्रेमे नावाच्या वस्तीवरून चाललोय हे कळत नाही. गाडी एकदाची लावून आम्ही खाली चालत आलो. पुलाखालचा हा क्लेबोर्न ॲव्हेन्यू. साठच्या दशकापर्यंत इथे मधोमध ओकच्या झाडांच्या रांगा होत्या, त्यांच्या सावलीत मार्डी ग्रास या इथल्या मोठ्या सणाच्या दिवशी कृष्णवर्णीयांची घरंच्या घरं येऊन बसायची, आणि दोन्ही अंगांना त्यांचीच दुकानं, विमा कचेऱ्या, औषधवाले होते. १९६६मध्ये झाडं पाडली आणि वर रस्ता आला. त्याच काळात फ्रेंच क्वार्टर या शहराच्या जुन्या भागाच्या नदीकाठानेही असाच एक उंच महामार्ग व्हायचा होता. त्याविरुद्ध पुरातन वास्तूंची कळकळ असलेली वजनदार मंडळी उठली आणि १९६९मध्ये तो रद्द झाला. क्लेबोर्नसाठी वजन टाकणारं कुणी नव्हतं. आता खांबांवर चित्रकारांनी ओकची झाडं रंगवलीत. रविवारी बॅंडची मिरवणूक इथूनच नेतात, कारण काँक्रीटखाली ट्रम्पेट घुमतं. लोकांनी त्या पुलाचा असा वापर करून घेतला म्हणून पूल बांधणाऱ्यांना क्षमा करावी, असं मला वाटलं नाही.

ट्रेमे ही देशातल्या सर्वांत जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांपैकी एक. तिच्या कडेला, रॅम्पार्ट स्ट्रीटला लागून लुई आर्मस्ट्राँग पार्क आहे आणि त्याच्या एका कोपऱ्यात काँगो स्क्वेअर. फरसबंदी, मोठाली झाडं, बाकी पाहण्यासारखं काही नाही. पण फ्रेंचांच्या, मग स्पॅनिशांच्या अमलात गुलामांना रविवारी सुट्टी असे, आणि ते इथे जमून ढोल वाजवत, नाचत, बाजार मांडत. १८१७मध्ये नगरपालिकेने ठरावच केला की गुलामांनी जमायचं ते एकाच जागी, आणि ती जागा ही. जॅझची मुळं शोधणारे इथपर्यंत येतात. खाण्याची शोधणाऱ्यांनीही यावं. बाया इथे आणि गल्ल्यांमधून कालास विकत. शिजलेला भात आंबवायचा, त्यात अंडी, साखर, जायफळ घालायचं आणि गोळे सोडून गरमागरम तळायचे. स्पॅनिश कायद्यात गुलामाला स्वतःची किंमत भरून मोकळं होण्याची वाट होती. कालास विकून साठवलेल्या नाण्यांवर काही बायकांनी स्वतःला आणि पोरांना सोडवून घेतलं. हा भातही त्यांच्याचबरोबर आलेला. १७१९मध्ये गुलामांची पहिली जहाजं आली, तेव्हाच कप्तानांना बजावलेलं होतं की बियाण्याच्या तांदळाची पिंपं आणा आणि भातशेती जाणणारी माणसंही आणा.

पुढे सेंट ऑगस्टीनचं चर्च लागतं. १८४२मधलं. ते बांधून होत होतं तेव्हा बाकांवरून चढाओढ लागली. चर्चमधले बाक भाड्याने घ्यायची रीत होती. गुलाम नसलेल्या, मोकळ्या काळ्या-सावळ्या कुटुंबांनी धडाधड बाक घेतले. ते पाहून गोरे सरसावले. तेव्हा या कुटुंबांनी दोन्ही बाजूंच्या ओळीही घेतल्या आणि त्या गुलामांना बसायला देऊन टाकल्या. कुणी कुठे बसायचं, यावर या गावात फार जुनं भांडण आहे.

त्याचं सर्वांत गाजलेलं प्रकरणही इथल्याच एका माणसाचं. होमर प्लेसी, धंद्याने चर्मकार, जोडे करणारा, मिश्र वंशाचा क्रिओल. रंग इतका उजळ की सांगितल्याशिवाय कळू नये. ७ जून १८९२ रोजी तो ठरवून आगगाडीत गोऱ्यांच्या डब्यात बसला, आपण कोण ते सांगितलं आणि अटक करवून घेतली. ट्रेमेतल्या सुशिक्षितांच्या समितीने खटला लढवायचाच म्हणून आखलेला हा बेत होता. १८९६मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले, आणि ‘वेगळे पण समान’ या नावाखाली पुढची जवळजवळ साठ वर्षं वेगळेपण कायदेशीर झालं. मला तिथे उभं राहून पुण्याचं पंचहौद मिशन आठवलं. १८९०, म्हणजे प्लेसीच्या आधी दोनच वर्षं. टिळक, रानडे आणि आणखी पुष्कळ प्रतिष्ठित मिशनमध्ये व्याख्यानाला गेले, तिथे चहा-बिस्किटं पुढे आली, ती बातमी छापून आली, आणि ग्रामण्य, शंकराचार्य, प्रायश्चित्त असं रामायण घडलं. पुण्यात प्रश्न चहा कुणाच्या हातचा हा होता. न्यू ऑर्लिन्समध्ये तो कधीच नव्हता. काळ्या बाईच्या हातचं गोऱ्याच्या घरी तीन त्रिकाळ चालायचं. तिने शेजारी बसायचं नाही, एवढंच.

ट्रेमेच्याच गल्ल्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बंगालमधल्या हुगळीकडचे मुसलमान फेरीवाले राहत होते. चिकनचं भरतकाम, रेशमी कापड असा ‘पूर्वेकडचा’ माल ते विकत. गोऱ्यांच्या वस्तीत त्यांना थारा नव्हता, म्हणून ते इथे राहिले, आणि त्यांच्यातल्या काहींनी इथल्याच बायकांशी लग्नं केली. विवेक बाल्ड यांनी जुनी जनगणना आणि जहाजांच्या याद्या चाळून त्यांचा माग काढला, त्यावर २०१३मध्ये पुस्तक लिहिलं. त्या घरांत गम्बो, म्हणजे इथला भाताशी खायचा ठरलेला पदार्थ, कुठल्या मसाल्याचा होत असेल, याची भावजींना फार उत्सुकता.

एव्हाना भूक लागली होती. ऑर्लिन्स ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर विटांची दुमजली इमारत आहे, ते डूकी चेस हे हॉटेल. १९४१मध्ये एमिली आणि एडगर चेस या जोडप्याने ते सुरू केलं, तेव्हा तिथे सँडविच आणि लॉटरीची तिकिटं मिळत. शुक्रवारी गोदीकामगार पगाराचा चेक इथे वटवायला येत, कारण बँकेत त्यांना कुणी दारात उभं करत नसे. १९४६मध्ये त्यांच्या ट्रम्पेट वाजवणाऱ्या मुलाशी लीआ नावाच्या मुलीचं लग्न झालं. ती पाँचरट्रेन सरोवरापलीकडच्या मॅडिसनव्हिल या खेड्यात वाढलेली, १९२३चा जन्म. तिने फ्रेंच क्वार्टरमधल्या हॉटेलात वाढपीण म्हणून काम केलं होतं. तिथे टेबलांवर पांढऱ्या चादरी, काटे-चमचे, लोक सावकाश जेवतात, हे तिने पाहिलं होतं. जिथे आपण वाढायचं पण बसायचं नाही, तिथलं सगळं तिने सासरच्या सँडविचच्या दुकानात आणायचं ठरवलं. पहिल्याच झटक्यात तिने लॉब्स्टर थर्मिडोर हा भारी फ्रेंच पदार्थ ठेवला. गिऱ्हाईक म्हणालं, ही पोरगी सासूचं दुकान बुडवणार. मग तिने चादरी ठेवल्या आणि ताटात घरचं क्रिओल जेवण आणलं. मला ही तडजोड थर्मिडोरपेक्षा जास्त धाडसाची वाटते.

आत आलं की आधी भिंती दिसतात. जेकब लॉरेन्स, एलिझाबेथ कॅटलेट, जॉन बिगर्स अशा कृष्णवर्णीय चित्रकारांची कामं जेवणाच्या दालनात लावलेली आहेत. ती लीआबाईंनी गोळा केली. त्यांच्या तरुणपणी काळ्या माणसाला संग्रहालयातसुद्धा मोकळेपणी जाता येत नव्हतं. लोक जेवायला यायचे आणि चित्रं बघून जायचे.

गम्बो आला. खोलगट पांढऱ्या बाउलमध्ये गडद तपकिरी, सारापेक्षा दाट आणि रश्शापेक्षा पातळ असं काहीतरी, मध्ये भाताचा छोटा डोंगर. एका कडेने खेकड्याची नांगी बाहेर आलेली. चमचा घातला तर कोळंबी, कोंबडीचा पंख, हॅमचे तुकडे आणि चॉरिस नावाचं तिखट सॉसेज. हे स्पॅनिशांकडून आलेलं, म्हणजे पोर्तुगिजांकडून गोव्यात आलेल्या चोरिसाच्या गोतातलं. ताईने पहिल्या घासातच ओळखलं. तळाशी असतो रू. तेलात किंवा लोण्यात मैदा मंद आचेवर हलवत राहायचं. लाडवाचं बेसन भाजताना जसं हात थांबला की घात होतो, तसंच इथेही, फक्त थांबायचं बरंच पुढे, चॉकलेटी रंगावर. मग त्यात कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची. या तिघांशिवाय इथे काहीच शिजत नाही.

दाटपणा आणायला दोन रस्ते. एक भेंडी, आफ्रिकेतून आलेली. आपल्याकडे भेंडीची तार मोडायला आमसूल, ताक, कोरडं पुसून चिरणं असे नाना उपाय. इथे ती तारच हवी असते. दुसरा फिले, म्हणजे ससाफ्रस झाडाच्या वाळवलेल्या पानांची पूड. ती चॉक्टॉ या मूळच्या रहिवाशांची देणगी. लीआबाईंच्या गम्बोत फिले असतो. जिभेवर आधी खेकडा येतो, मग धूर, आणि शेवटी त्या पुडीचा रानवट, जरासा मातकट वास मागे राहतो.

पर्यटनाच्या माहितीपत्रकात एक वाक्य ठरलेलं असतं, की हे शहरच एक गम्बो आहे, सगळे इथे मिसळून गेले. मला ते पटत नाही. मिसळलं ते पातेल्यात. टेबलाशी मिसळायला मार खावा लागला, आणि तो या इमारतीने पाहिलाय. खालच्या दालनाच्या वर एक खोली आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला वकील ए. पी. टुरो, नागरी हक्कांच्या चळवळीतले विद्यार्थी, बसमधलं वेगळेपण मोडायला निघालेले १९६१चे फ्रीडम रायडर्स, मार्टिन ल्यूथर किंगसुद्धा तिथे बसले. काळे आणि गोरे एका टेबलाशी, जे कायद्याला मंजूर नव्हतं. बस कुठे अडवतील, तुरुंगात कोण जाईल, जामीन कोण भरेल, हे ठरत असताना खालून गम्बो आणि तळलेली कोंबडी जायची. गावात एवढं लाडकं हॉटेल की पोलीस आत शिरायला धजले नाहीत. बॉम्ब मात्र पडला. एका रात्री कुणीतरी पाईपबॉम्ब फेकला. चेस कुटुंबाने डागडुजी केली आणि हॉटेल चालू ठेवलं. १९६४च्या नागरी हक्क कायद्यानंतर ड्यूक एलिंग्टनपासून रे चार्ल्सपर्यंतची जुनी गिऱ्हाइकं आता शहरात कुठेही जेवायला मोकळी होती. रे चार्ल्सच्या एका गाण्यात या हॉटेलचं नाव आहे.

तळलेल्या कोंबडीबद्दल मी फार सांगणार नाही. कुरकुरीत होती, आत रसाळ होती, आम्ही आणखी मागवली. इथून चालत जाण्याच्या अंतरावर विली मेज स्कॉच हाऊसने तर कोंबडीवरच नाव काढलं होतं. कुणाची कोंबडी सरस, त्या वादात पडायला दोन पोटं लागतील.

२९ ऑगस्ट २००५ला कटरिना हे चक्रीवादळ आलं, बांध फुटले, शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला आणि हे दालनही. चित्रं नातवाने वेळेत हलवली म्हणून वाचली. ब्याऐंशी वर्षांच्या लीआबाई आणि त्यांचे यजमान हॉटेलसमोरच सरकारी ट्रेलरमध्ये राहिले. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी इथे हिरवा गम्बो करायची प्रथा आहे. मोहरी, सलगम, बीट, पालक अशा विषम संख्येच्या पालेभाज्या, बहुधा नऊ, आणि जितक्या भाज्या तितके नवे मित्र जोडले जातात असं म्हणतात. २००६च्या त्या गुरुवारी चेस यांचं स्वयंपाकघर बंद होतं. तेव्हा गावातल्या इतर हॉटेलवाल्यांनी, म्हणजे धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यांनी, दुसरीकडे तोच गम्बो घालून यांच्यासाठी पैसे उभे केले. २००७मध्ये दार पुन्हा उघडलं. नव्वदी उलटल्यावरही लीआबाई स्वयंपाकघरात बसून भाज्या निवडत. १ जून २०१९ रोजी, शहाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. आता कुटुंबातली पुढची पिढी चालवते.

बराक ओबामा इथे जेवायला आले होते. चव घ्यायच्या आधीच त्यांनी गम्बोत तिखट सॉस ओतला, तेव्हा लीआबाईंनी त्यांच्या हातावर चापट मारली. हा किस्सा भावजींना ठाऊक नव्हता. त्यांनी सवयीने बाटलीकडे हात नेला. पाणी ओतायला आलेल्या बाई क्षणभर थांबल्या, भावजींकडे पाहिलं आणि विचारलं, “चाखलंत आधी?” भावजींनी चाखलं, आणि मग बाटली उचलून मला वाटलं त्यापेक्षा बरंच जास्त ओतलं. बाई हसल्या नाहीत. पीच कॉबलर मात्र त्यांनी तिघांना पुरेल एवढा मोठा आणून ठेवला.