इंद्रायणीकांठचे पांच दिवस

हेमंत हा महाराष्ट्रांत प्रवासाचा ऋतु होय. पावसानें धुतलेले रस्ते कोरडे झालेले असतात, नद्यांना पाणी असतें, आणि उन्हाचा ताप नसल्यामुळें वृद्धांस व लहान मुलांस दिवसभर बाहेर राहतां येतें. त्यांतच नाताळची सुटी येते, परगांवीं व परदेशीं असलेलीं मुलेंबाळें घरीं येतात, आणि यंदा कोठें जावयाचें हा प्रश्न घरोघर निघतो. कोणी महाबळेश्वर म्हणतो, कोणी गोवा म्हणतो. आठ दिवसांतले दोन गाडींत जातात, एखादा खोल्या शोधण्यांत जातो, आणि आजी मात्र "माझे गुडघे चालत नाहींत, तुम्ही या जाऊन" असें म्हणून घर राखीत बसते. ज्या सहलींतून घरांतील सर्वांत वडील माणूस वगळलें जातें ती सहल एकत्र कुटुंबाची म्हणतां येणार नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. म्हणून आजी व नात या दोघींचीही सोय पाहून केलेला पांच दिवसांचा एक आराखडा आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

मार्ग कसा सांगावा याचा उत्तम पाठ कालिदासानें 'मेघदूतां'त घालून दिला आहे. रामगिरीपासून अलकेपर्यंतची वाट सांगतांना यक्ष मेघास केवळ गांवांचीं नांवें सांगत नाहीं. थकशील तेव्हां पर्वतशिखरांवर टेकत जा, क्षीण होशील तेव्हां प्रवाहांचें हलकें पाणी पीत जा, हें तो आधीं सांगतो. आणि वाट वांकडी झाली तरी उज्जयिनी चुकवूं नको, असा आग्रहही धरतो. प्रवासाची आंखणी करणाऱ्यानें हेच दोन नियम पाळावे. विसाव्याच्या जागा आधीं ठरवाव्या, आणि खऱ्या मोलाच्या स्थळासाठीं वांकडी वाट करावयास भिऊं नये. त्यांत आमचा तिसरा नियम असा, कीं दिवसास मोठें स्थळ एकच पाहावें.

या सहलीचें बिऱ्हाड आम्ही मोशीस सुचवितों. मोशी हें पुण्याच्या उत्तरेस, पुणें-नाशिक हमरस्त्यावर, इंद्रायणीच्या कांठीं वसलेलें गांव. नागेश्वर महाराज हें येथील ग्रामदैवत. १९९७ सालीं गांव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आलें, आणि जेथें पूर्वीं शेतें होतीं तेथें आतां उंच इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. 'मोशीस काय पाहावयाचें?' असें वाचक विचारतील. आमचें उत्तर असें, कीं मोशी ही पाहण्यापेक्षां राहण्याची जागा आहे. देहूहून आळंदीस जाणारा रस्ता येथेंच नाशिकच्या रस्त्यास छेदतो; एका अंगास तुकोबांचें गांव, दुसऱ्या अंगास ज्ञानोबांचें. लोणावळ्याकडील सह्याद्रींत उगम पावलेली इंद्रायणी देहू, मोशी व आळंदी या क्रमानें वाहत जाऊन तुळापुरास भीमेस मिळते. म्हणजे बिऱ्हाड एकदांच मांडावें, रोज बोचकीं बांधूं नयेत, आणि पांच दिवसांत एक सबंध नदी मुलांच्या ओळखीची व्हावी, अशी ही सोय आहे.

निघण्यापूर्वीं पंचांग व दिनदर्शिका दोन्ही पाहावीं. कार्तिक वद्य एकादशीस आळंदीची यात्रा भरते. त्या सुमारास लक्षावधि वारकरी येतात. यात्राच पाहावयाची असेल तर गोष्ट वेगळी, एरवीं वृद्धांसह निवांत दर्शन घ्यावयाचें असेल तर तो आठवडा टाळावा. डिसेंबरांत मोशीच्या प्रदर्शनकेंद्रावर अलीकडच्या वर्षांत मोठें कृषिप्रदर्शन भरत आलें आहे. त्या दिवसांत राहावयास जागा मिळणें कठीण जातें. आणि नाशिकच्या रस्त्यावर कारखान्यांच्या पाळ्या बदलतांना वाहनांची जी दाटी होते तिचा अनुभव घेण्यासारखा नाहीं. सकाळीं लवकर निघावें व दिवे लागण्यापूर्वीं परतावें.

पहिला दिवस देहूचा. प्रवासाचा शीण असतो, म्हणून हा दिवस जवळचा ठेवला आहे. विठ्ठलमंदिर व शिळामंदिर एकाच आवारांत आहेत. नव्या शिळामंदिराचें लोकार्पण १४ जून २०२२ रोजीं पंतप्रधानांच्या हस्तें झालें. गाथेच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या, तुकोबा तेरा दिवस शिळेवर अन्नपाण्यावांचून बसले, आणि वह्या कोरड्या वर आल्या, ही कथा आजीनें सांगावी; ती पुस्तकांतून वाचून दाखवूं नये. नंतर नदीकांठचें गाथामंदिर पाहावें. तेथें भिंतींवर अभंग कोरलेले आहेत, आणि शाळेंत इंग्रजी माध्यमांत शिकणाऱ्या नातवंडांस बोट ठेवून अक्षरें लावण्यास यासारखी पाटी दुसरी नाहीं. तिसऱ्या प्रहरीं भंडाऱ्याच्या डोंगरावर जावें. मोटार वर जात असल्यामुळें वृद्धांस चढ लागत नाहीं.

दुसरा दिवस कार्ल्याचा, आणि हा एकच दिवस पायांचा आहे. आकुर्डी किंवा चिंचवड स्थानकावर लोणावळ्याची लोकल धरून मळवलीस उतरावें. दुपारीं गाड्या विरळ असतात, म्हणून परतीची वेळ आधीं पाहून ठेवावी. वाटेंत वडगांव लागतें. जानेवारी १७७९ मध्यें इंग्रजांच्या फौजेस महादजी शिंद्यांपुढें येथेंच तह करावा लागला, हें मुलांस खिडकींतून गांव दाखवून सांगावें. कार्ल्यास पायऱ्या बऱ्याच आहेत, पण वरील चैत्यगृह पाहिल्यावर श्रमाचें सार्थक होतें. दगडांत कोरलेल्या चैत्यगृहांत हें भारतांतील सर्वांत मोठें. छताखालच्या लांकडी कमानी सुमारें दोन हजार वर्षांच्या आहेत. खांबांवर ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत दात्यांचीं नांवें कोरलेलीं असून त्यांत धेनुकाकट येथील यवनही आहेत. परका माणूस या डोंगरांत येऊन एक खांब देऊन जातो, ही गोष्ट परदेशीं वाढणाऱ्या मुलांच्या मनास लवकर भिडते. बाहेर आल्यावर समोर लोहगड व विसापूर, आणि मधल्या खोऱ्यांत इंद्रायणी दिसते. काल देहूस पाहिलेली नदी ती हीच, हें त्यांस येथें दाखवावें. भाजें समोरच्या अंगास जवळ आहे. तरी त्याच दिवशीं तेंही उरकण्याचा मोह आवरावा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीं या दिवशीं बिऱ्हाडीं स्वस्थ राहावें. पांचांपैकीं चार दिवस त्यांचेच आहेत.

तिसरा दिवस विसाव्याचा. सकाळीं उशिरां उठावें व चिंचवडास जावें. येथें नदी बदलते, ही पवना. तिच्या कांठीं मोरया गोसावी यांची समाधि आहे, आणि मार्गशीर्ष वद्य षष्ठीच्या सुमारास तेथें समाधीचा उत्सव होतो. तेथून जवळच चापेकर बंधूंचा वाडा आहे. प्लेगाच्या दिवसांत, २२ जून १८९७ च्या रात्रीं, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. त्या प्रकरणांत दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव असे एका घरचे तीन भाऊ फांशीं गेले. हें मुलांस सांगतांना आवाज चढवूं नये. त्या घरच्या आईचा विचार करावा, म्हणजे सांगणें आपोआप नीट होतें. दुपारीं लहानांस चिंचवडच्या सायन्स पार्कांत न्यावें. तरुण मंडळींस पुण्याची ओढ असेलच. २९ सप्टेंबर २०२४ पासून पिंपरीहून स्वारगेटापर्यंत मेट्रो धांवते. कसबा पेठेंत उतरल्यास कसब्याचा गणपति व शनिवारवाडा, मंडईस उतरल्यास केळकर संग्रहालय पायीं गांठतां येतें.

चौथा दिवस आळंदीचा. शके १२१८ च्या, म्हणजे इ. स. १२९६ च्या, कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानेश्वरांनीं येथें समाधि घेतली. समाधि, अजानवृक्ष, सिद्धेश्वराचें देऊळ व चालविलेली म्हणून दाखवितात ती भिंत, इतकें पाहण्यास अर्धा दिवस पुरतो. परंतु येथें एक बिकट प्रसंग उभा राहतो, व त्याची तयारी घरूनच करून जावें. घरांतील वृद्धांनीं इंद्रायणीस्नानाचा संकल्प मनांत धरलेला असतो. आणि घाटावर आल्यावर कधीं कधीं पात्रावर पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगतांना दिसतात. गेल्या कांहीं वर्षांत हा फेस वारंवार दिसला आहे. वरच्या बाजूच्या वसाहतींचें सांडपाणी व कारखान्यांचें रसायनमिश्रित पाणी नदींत येतें, हें त्याचें कारण. आजी म्हणते, "तीर्थ कधीं बाटत नाहीं." डॉक्टर झालेली सून म्हणते, "त्वचेचे व पोटाचे विकार होतील." अशा वेळीं दोघींची मनें दुखावून दर्शनाचा आनंद जातो.

धर्मशास्त्रानें ही अडचण पूर्वींच सोडविली आहे. स्नानाचे सात प्रकार सांगितलेले आहेत: मंत्रांनीं तें मांत्र, मृत्तिकेनें तें भौम, भस्मानें तें आग्नेय, गाईंच्या पायधुळीनें तें वायव्य, उन्हांत पडणाऱ्या पावसानें तें दिव्य, पाण्यांत बुडी मारून तें वारुण, आणि विष्णुचिंतनानें होतें तें मानस. वारुण स्नान हा सातांतला एक प्रकार आहे, एकमेव नव्हे. आजारी व अशक्त माणसांसाठींच हे पर्याय सांगितलेले आहेत. आज नदीच आजारी आहे, इतकाच फरक. तेव्हां घाटाच्या पायरीवर बसून मानस स्नान करावें, नदीस हात जोडावे, आणि आचमनासाठीं घरचें पाणी तांब्यांत न्यावें. आजीचा संकल्प मोडत नाहीं व सुनेचें म्हणणेंही राहतें.

मात्र मुलें विचारतील, "आजोबा, नदीला असें कोणीं केलें?" त्या प्रश्नास बगल देऊं नये. ज्या कारखान्यांनीं व वसाहतींनीं या भागांतल्या हजारों घरांस, कदाचित् आपल्याही घरास, भाकरी व छप्पर दिलें, त्यांचेंच हें पाणी आहे, असें खरें तें सांगावें. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवींतून नदींत टाकणारा हात कधीं कधीं आपलाच असतो, हेंही सांगावें. देऊळ दाखवून नदी लपविणें हें शिक्षण नव्हे.

पांचवा दिवस तुळापूरचा. आळंदीहून मरकळमार्गें तेथें जातां येतें. येथें इंद्रायणी भीमेस मिळते, व संगमावर संगमेश्वराचें देऊळ आहे. गांवाच्या नांवाची कथा अशी, कीं येथें हत्तीची तुला करावयाची होती, पण एवढा तराजू मिळेना. तेव्हां शहाजीराजांनीं हत्तीस नावेंत उभें करून नाव किती बुडाली तेथें खूण करविली, व मग हत्ती उतरवून त्याच खुणेपर्यंत नाव दगडांनीं भरविली. आर्किमिडीजचा नियम मुलांस समजावयास याहून सोपें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. त्यानंतर गंभीर कथा सांगावी. औरंगजेबाच्या आज्ञेनें ११ मार्च १६८९ रोजीं संभाजीमहाराजांचा येथें वध झाला. 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ लिहिणारा हा राजा केवळ तलवारीचा नव्हता, हें घरांतील संस्कृत शिकणाऱ्या मुलास आवर्जून सांगावें. जवळच वढू बुद्रुक येथें त्यांची समाधि आहे.

शेवटीं घरांतील गृहिणींविषयीं दोन शब्द. सहल म्हणजे चुलीचें स्थलांतर नव्हे. पहिल्या दिवसापुरत्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी व तिळाच्या वड्या घरून न्याव्या. पुढें सर्वांनीं बाहेर जेवावें, अथवा पुरुषांनीं व मुलांनीं पिठलेंभात करावा. खर्चाची वही एका मुलाकडे, गाड्यांच्या वेळा दुसऱ्याकडे, व रोज रात्रीं दिवसाची हकीकत लिहिण्याचें काम तिसऱ्याकडे द्यावें. आराखड्यांत फेरफार करण्यास प्रत्येक घर मुखत्यार आहे. कार्लें गाळून चाकणचा संग्रामदुर्ग पाहावा. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें तो शाएस्तेखानाविरुद्ध छप्पन दिवस लढविला. वाटल्यास दिवस पुढेंमागें करावे. आजीस घरीं ठेवावयाचें नाहीं, एवढें एक कलम तेवढें कायम ठेवावें.