फिरत्या बिऱ्हाडाची नळी

आमच्या सीमाभागात जुन्या वस्तूस निवृत्ती देण्याची रीत फारशी नाही. मामांची ओम्नी हे त्याचे ठळक उदाहरण होय. तिची मागची आसने काढून मामांनी तेथे फळ्यांचा पलंग केला, पलंगाखाली भांड्यांची पेटी बसविली आणि मागच्या दाराशी गॅसची लहानशी शेगडी मांडली. या फिरत्या बिऱ्हाडातून बेळगावहून संकेश्वर, निपाणी करीत जोतिबाच्या डोंगरापर्यंत आम्ही भावंडे कितीदा तरी गेलो आहोत.

मारुतीची ही गाडी १९८४ साली रस्त्यावर आली आणि २०१९ पर्यंत तयार होत होती. तिचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते. म्हणजे पुढे बसणारे दोघे खरे पाहता इंजिनावरच बसलेले असतात! जुन्या गाडीत टाकीतले पेट्रोल पत्र्याच्या बारीक नळीतून पुढे येते आणि रबरी नळ्यांच्या तुकड्यांतून फिल्टर, पंप व कार्ब्युरेटर असा प्रवास करते. पत्र्याला गंज चढला तर तो डोळ्यांना दिसतो. रबराचे म्हातारपण मात्र आतून येते.

त्यात आता एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. निपाणी-चिकोडीकडे उसाचे मळे दूरवर पसरलेले आहेत. उसाच्या रसापासून व मळीपासून इथेनॉल निघते. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ साली मिश्रणाचे सरासरी प्रमाण २० टक्क्यांच्या घरात पोहोचले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट चांगलीच. परंतु जुन्या गाड्यांतले रबर या पाहुण्यासाठी घडविलेले नव्हते. इथेनॉलने असे रबर फुगते, मऊ पडते, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की सुकून तडकते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते व टाकीतला जुना मळ सोडवून फिल्टरात नेऊन सोडते. आपल्याच मातीतला ऊस आपल्याच गाडीची नळी कुरतडतो, हे ऐकून आजी मनसोक्त हसली.

गेल्या चैत्रात यात्रेला निघण्यापूर्वी मामांनी मेस्त्रींना बोलावले. गाडी उघड्या अंगणात घेतली, इंजिन पुरते निवू दिले, गॅसची टाकी उतरवून लांब ठेवली आणि बॅटरीची ऋण तार सोडली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली साचून राहते आणि ठिणगीची वाट पाहते. आम्हांस दुरून पाहण्याचीच परवानगी होती. मेस्त्रींनी प्रथम काही सोडले नाही. नुसता वास घेतला. ‘जुनी गाडी म्हटली की वास यायचाच’ असे पुष्कळ लोक म्हणतात. आमच्या मते इतका घातक समज दुसरा नसेल. वास आला म्हणजे पेट्रोल कुठून तरी बाहेर येत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मग प्रत्येक नळी त्यांनी बोटांनी चेपून पाहिली, वाकवून पाहिली. फिल्टराजवळचा वीतभर तुकडा दिसावयास अगदी धडधाकट. पण वाकविताच त्यावर केसासारख्या भेगा उमटल्या आणि क्लिपेखाली फडके ओले झाले. क्लिप कोणी तरी फाजील आवळल्याने तिची धार रबरात रुतलेली होती.

“मामा, आज निघू नका,” मेस्त्री म्हणाले. “इथेनॉलला टिकणारी नळी बेळगावातून आणा. साधी घालून देतो, पण मग माझ्या जीवाला स्वस्थता नाही.”

आम्ही भावंडांनी तोंडे वाकडी केली; दशम्या तर बांधून झाल्या होत्या! मामांनी वाद घातला नाही. एकच तुकडा न बदलता साऱ्या रबरी नळ्या आणि क्लिपा, फिल्टरासकट, दुसऱ्या दिवशी बदलून घेतल्या. इंजिन सुरू केल्यावर मेस्त्रींनी प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरला. कागद कोरडाच राहिला. दशम्या मात्र आदल्या रात्रीच संपल्या होत्या, म्हणून आजीला पहाटे पुन्हा चूल पेटवावी लागली.