चकलीचा दोष

पोटदुखीचा दोष कुणाच्या तरी माथी मारल्यावाचून आमच्या घरात कुणाला चैन पडत नाही. २०२४ सालच्या दिवाळीत तो चकलीच्या माथी बसला. म्हणजे पर्यायाने चकली करणारीच्या.

तशी माझी पोटदुखी चार-पाच महिन्यांची. मध्येच पिळवटून येई नि तासाभरात नाहीशी होई. 'वात असेल' म्हणून ओवा चावावा आणि वर्गावर जावे. भाऊबीजेच्या रात्री मात्र कळ थांबेना. पोट फुगले, उलट्या झाल्या, वारासुद्धा सरेना. "मोहन कमी पडलं असेल चकलीत," आई म्हणाली. मीही मान डोलावली. ही काही बोलली नाही. आईने एरंडेलाची बाटली आणली तेव्हा मात्र हिने ती काढून घेतली. "आधी डॉक्टर," एवढेच म्हणाली.

त्या हट्टामुळेच मी आज हे लिहितो आहे. वाट बुजलेल्या आतड्याला रेचक देणे म्हणजे बंद दारावर गर्दी लोटणे.

सीटी स्कॅनमध्ये एकात एक वर्तुळे दिसली. सर्जन म्हणाले, "मास्तर, दुर्बिणीची एक नळी दुसरीत सरकते ना? तसं तुमचं आतडं आतड्यात शिरलंय." हा आजार बहुधा तान्ह्या मुलांचा, शंभरात सुमारे ५ रोगीच प्रौढ. मुलांत बहुतेकदा कारण सापडत नाही. प्रौढांत मात्र आत बहुधा गाठ असते. आतडे तिला अन्नासारखे पुढे ढकलू पाहते आणि तिच्यासोबत स्वतःची भिंतही ओढून नेते. गाठ साधी की कर्करोगाची, हे काढून तपासल्याखेरीज कळणार नव्हते. त्याच रात्री आतड्याचा तेवढा भाग काढला.

अहवालाला आठ दिवस लागले. एका रात्री हिने हळूच विचारले, "चकलीनं तर नाही ना हो झालं?" मला कर्करोगाची धास्ती होती, तिला अजून चकलीचीच!

अहवाल आला: लायपोमा. चरबीची साधी, निरुपद्रवी गाठ, लिंबाएवढी. चकलीच्या कितीतरी आधीपासून ती मुकाट्याने वाढत होती.

पुढच्या दिवाळीत ही म्हणाली, "चकल्या नकोत." तेव्हा आईनेच सोऱ्या घासून पुढे ठेवला. "मोहन तुझ्या हातानं घाल," म्हणाली. याहून मोठी माफी आमच्या घरात कुणी मागितलेली नाही.

मी तर तेवढीही मागितली नव्हती. ती इथे मागतो.