मूळ प्रत

शाळेत बटाटा अर्धा कापून मी त्यावर माझं नाव कोरलं. कागदावर ते उलटं उमटलं. बाई हसून म्हणाल्या, "अगं, ठशात सगळं उलटं कोरायचं असतं." पुढे बटाट्याच्या जागी लिनो, म्हणजे लिनोलियमचा तुकडा आला. एकदा कोरायचं पातं निसटून अंगठ्यात घुसलं. तो व्रण अजून आहे.

शिकागोला आले तेव्हा ती पाती सामानात होती, पण बरीच वर्षं खणातच पडून राहिली. लिफ्टमध्ये, दुकानात, मुलाच्या शाळेत एकच प्रश्न यायचा, "मूळच्या कुठल्या तुम्ही?" मी "सांगली" म्हणायचे, मग "इंडिया" म्हणायचे.

एका रविवारी शिकागोतल्याच पिल्सनला गेले. ही वस्ती एके काळी चेक लोकांची, नावही त्यांच्याच गावाचं. आता दुकानांच्या पाट्या स्पॅनिशमध्ये. तिथल्या मेक्सिकन कला संग्रहालयात कार्लोस कोर्तेसची लिनोची चित्रं भेटली. १९२३ साली अमेरिकेतच, मिलवॉकीत जन्मलेला हा माणूस. वडील मेक्सिकन, आई जर्मन. दुसऱ्या महायुद्धात लढायला नकार दिला म्हणून तुरुंगात गेला. पुढे कामगारांच्या वर्तमानपत्रासाठी चित्रं कोरत राहिला. त्यानं पोसादाचंही चित्र कोरलंय. मेक्सिकोत चार पैशांच्या कागदांवर नटूनथटून हसणारे सांगाडे छापणारा, १९१३ साली गेलेला तो पोसादा. वडिलांचा देश कोर्तेसनं असा ठशाठशातून आपलासा केला.

एका चित्रावर स्पॅनिशमध्ये लिहिलंय : आम्ही या मातीचे, बेकायदा नव्हे. हे एकेक अक्षर त्यानं उलटं कोरलं असणार, या विचारानं माझा अंगठा उगाच ठणकला.

कोर्तेस २००५ साली गेला. जाण्याआधी त्यानं सांगून ठेवलं होतं की आपल्या चित्रांचे भाव चढले, तर आणखी प्रती छापाव्यात, म्हणजे ते उतरतील. ठशाच्या कलेत हे चालतं. पहिली प्रत जितकी अस्सल, तितकीच पन्नासावी. आणि ज्याला मूळ म्हणावं, तो लिनोचा तुकडा तर उलटा. तो कुणी भिंतीवर लावत नाही.

त्या रात्री खण उघडला. आधी शिरोरेखा, मग उजवीकडून डावीकडे एकेक अक्षर, असं माझं नाव कोरलं. शाई लावून, चमच्याच्या पाठीनं घासून दोन ठसे काढले. एक सांगलीला आईकडे धाडला, दुसरा इथल्या दारावर लावला. आधी कुठला काढला होता, ते आता आठवत नाही.