बुवा, डिटेक्टिव्ह आणि आक्का

आमच्या पोरांना सिनेमा काढायचाय. मोबाईलवर, वीस मिनिटांचा. पैसा नाही, पण विषय पक्का ठरलाय : एक खाजगी गुप्तहेर आणि एक लबाड बुवा. बघणारा हसला पाहिजे आणि हसताहसता त्याच्या घशात काटा अडकला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हे खूळ आलं कुठून, तर २०२५ साली अमेरिकेत इथन कोएनचा ‘हनी डोन्ट!’ आला. त्यात डिटेक्टिव्ह बाई आहे, आणि ख्रिस इव्हान्स हा नट झालाय चर्चमधला धर्मोपदेशक. तोंडी देव, धंदे सगळे काळे. पोरं म्हणाली, असले बुवा आपल्याकडं गल्लीला एक आहेत. खरंय. बुवांचा तुटवडा नाहीच. तुटवडा डिटेक्टिव्हचा.

मी नारायण पेठेत एका छापखान्यात बायंडिंगला आहे. पंचांगाचे फर्मे दुमडतो, सत्यनारायणाच्या पोथ्यांना पिना मारतो, आणि रात्री त्याच हातांनी आपल्या या अंकाची पानं लावतो. पोरं तिथंच स्क्रिप्ट घेऊन आली. वाचली. त्यांचा डिटेक्टिव्ह काळा कोट घालतो, सिगारेट ओढतो, शुद्ध बोलतो. बाहेरून वस्तीत येतो, बुवाची मानगूट धरतो आणि निघून जातो. वस्ती तोंड वासून बघत राहते. मी म्हणालो, लेको, हा तर नवा बुवाच आणून बसवला तुम्ही. फक्त कफनीच्या जागी कोट.

दोस्तहो, हा सिनेमा जोतीरावांनी १८५५ सालीच लिहून ठेवलाय. ‘तृतीय रत्न’. सिनेमा तेव्हा नव्हता म्हणून नाटक. कुणब्याची बायको गरोदर. जोशीबुवा दारात येतो, ग्रह वाकडे आहेत म्हणून तिच्या काळजाला हात घालतो. पोटातल्या लेकराची भीती ती! मग अनुष्ठान आलं, ब्राह्मणभोजन आलं, त्यापायी कर्ज आलं. आणि या सगळ्यात एक विदूषक फिरतोय. तो जोशाची प्रत्येक लबाडी हेरतो आणि ती बघणाऱ्यांपुढं उघडी करतो. आपला पहिला डिटेक्टिव्ह तो. गंमत अशी की त्या नाटकातला पाद्री चांगला आहे, आणि या अमेरिकन सिनेमातला चोर. पण ते असू द्या.

महत्त्वाचं हे की जोतीरावांचा विदूषक जोशाला बेड्या घालत नाही. शेवटी नवराबायको जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रशाळेकडं निघतात. हे नाटक जोतीरावांनी याच पुण्यात दक्षिणा प्राइझ कमिटीकडं धाडलं. कमिटीनं ते नाकारलं. का नाकारलं, ते त्यांनी ‘गुलामगिरी’त लिहिलंय : कमिटीतल्या भटांपुढं कुणाचं काही चाललं नाही. छापून आलं १९७९ साली. म्हणजे सव्वाशे वर्षं विदूषक गप्प. बुवा मात्र एक दिवस गप्प बसला नाही.

शूटिंग कुठं करायचं? एक पोरगा म्हणाला, पुलावर. कोणता पूल हे कुणी विचारलं नाही. छापखान्यापासून चालत दहा मिनिटं, ओंकारेश्वराजवळचा महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल. ज्या शिंद्यांनी १९०६ साली अस्पृश्यांसाठी मिशन काढलं त्यांचं नाव, आणि त्याच पुलावर २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. बुवांच्या मागं जन्मभर लागलेला माणूस. त्यांनी मागितलेला कायदा वर्षानुवर्षं लटकला होता. खून झाल्यावर चारआठ दिवसांत त्याचा अध्यादेश निघाला, डिसेंबरात कायदा झाला. १० मे २०२४ ला पुण्याच्या कोर्टानं गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली. तीन आरोपी सुटले.

मधे २०१४ साली ‘आउटलुक’ साप्ताहिकात बातमी आली होती की तपासासाठी पोलिसांनी प्लँचेट केलं. तेव्हाच्या आयुक्तांनी इन्कार केला. खरं काय ते असो. पण बुवाबाजीविरुद्ध लढलेल्या माणसाचा खुनी शोधायला त्याच्याच आत्म्याला बोलावलं, ही बातमी लोकांना खरी वाटू शकली! एवढी काळी कॉमेडी लिहायला पोरांना जमणार नाही.

आता आक्काचं सांगतो. माझी थोरली बहीण. दोन पोरी आहेत, तिसऱ्यांदा दिवस गेलेत. घरात भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब. आणि सासू तिला दर अमावास्येला हडपसरच्या पुढं एका महाराजाकडं नेते. पोटातली पोरगी असली तर पोरगा करून देतो म्हणतो. एकवीसशे रुपये पहिल्यांदा, मग दर खेपेला पाचशे. आक्का चार घरची भांडी घासते, त्यातले. गर्भाचं लिंग बदलतो असा दावा करणं हा २०१३ च्या कायद्यात गुन्हा आहे, अनुसूचीत साफ लिहिलंय. कायद्याचं पुस्तक घेऊन मी चौकीवर गेलो. साहेब म्हणाला, बाईला घेऊन या. बाई कशी येणार? तिला त्याच घरात भाकरी थापायचीय.

गेल्या रविवारी पोरं स्क्रिप्ट घेऊन आक्काकडं गेली. खोली तिची हवी होती, शूटिंगला. एकानं वाचून दाखवली. आक्का लसूण सोलत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “ह्यात बाईला एक बी डायलॉग न्हाई.”

पोरं गप्प.

“आन् ती येडी कशापायी दावली? मला काय ठावं न्हाई व्हय? भायेर चपला सांभाळाया एक बाई बसती. कुठली, किती लेकरं, नवरा काय करतो, समदं ईचारून घेती. घटकाभरानं तेच म्हाराज आत डोळं मिटून सांगतो. पयल्याच खेपंला वळखलं म्या.”

“मग जाती कशाला?” मी म्हणालो.

“न्हाई गेले आन् पोरगी झाली, तर सासू म्हणंल तुझ्यापायी झाली. गेले आन् झाली, तर म्हाराज खोटा. पाचशे रुपयं त्याचं देती म्या.”

कुणीच हसलं नाही. मग एक पोरगा हसला, आणि आक्कासुद्धा. कोटवाल्या डिटेक्टिव्हची पानं पोरानं फाडली नाहीत, नुसती पाठकोरी केली. पेन काढलं.

“लिव्ह,” आक्का म्हणाली, “पयला शीन चपलांचा घ्या.”