नसबंदी : शब्द आणि शरीर

काही शब्द अर्थाआधी भीती पोहोचवतात. 'नसबंदी' हा तसा शब्द. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत बहुसंख्य पुरुषांच्या होत्या, आणि कित्येक सक्तीच्या. सक्ती संपली, शब्दाला चिकटलेली दहशत मात्र उरली.

आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. दुसऱ्या अपत्यानंतर शस्त्रक्रिया कोणी करून घ्यावी, याचा आम्ही विचार करू लागलो, तेव्हा नातलगांच्या लेखी तो प्रश्नच नव्हता. दोन सिझेरियन झालेल्या बाईनेच तिसऱ्यांदा टेबलावर जायचे, हे गृहीत होते. पुरुषाने केली तर 'कंबर जाईल', 'अंगातली ताकद उतरेल'. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवले, हे वर्गात शिकवणारे आमचे सहकारीही या विषयावर आवाज खाली आणून हेच सांगत.

भीतीचे एक मूळ शब्दातच असावे. 'नस' म्हटले की रक्त आणि जोर आठवतो. प्रत्यक्षात बंद होते ती शुक्राणू वाहून नेणारी नळी. पुरुषी संप्रेरक वृषणातून थेट रक्तात मिसळते. त्याचा या नळीशी संबंध नाही. खच्चीकरण आणि नसबंदी यांतले हे अंतर बोलण्यात पुसले गेले आहे.

तरीही धोका मुळीच नाही, असे म्हणणे खरे नव्हे. काही दिवस सूज आणि ठणका असतो. क्वचित रक्त साकळते, जंतुसंसर्ग होतो. शंभरात एकदोघांना उपचार घ्यावे लागावेत इतकी वेदना दीर्घकाळ राहते. सुमारे तीन महिन्यांनी तपासणीत वीर्य शुक्राणूरहित ठरेपर्यंत दुसरे साधन वापरावे लागते. पुन्हा नळी जोडणे दरवेळी यशस्वी होत नाही. हृदयविकाराची भीती मात्र अभ्यासांत टिकलेली नाही, आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाशी कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही.

हे सारे जाणूनच आम्ही पुरुष-नसबंदीचा निर्णय घेतला. चारेक दिवस सूज होती, पुढे काही नाही. आमच्या एकट्या अनुभवाने काही सिद्ध होत नाही, हे खरे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के. स्त्रीची शस्त्रक्रिया पोटात शिरून करावी लागते, ती अधिक जोखमीची आहे. तिचे दुष्परिणाम काय, असे आम्हांला एकाही नातलगाने विचारले नव्हते.