आधी इथे काय होतं?

प्रिय भाचेबुवा,



लागोसमधल्या तीन मोकळ्या दिवसांसाठी तुला 'बघण्यासारख्या दहा ठिकाणां'ची यादी हवी आहे, आणि तिथे बघण्यासारखं काहीच नाही, सरळ घानातलं अक्रा गाठ, असा सल्लाही तुला मिळाला आहे. यादी मी देणार नाही आणि तो सल्लाही तू मानू नयेस. ज्या शहरात माणसांचीच मोजदाद जुळत नाही, तिथे ठिकाणांची काय जुळणार? 2006 साली नायजेरियाच्या जनगणना आयोगाने लागोस राज्यात नव्वद लाख माणसं मोजली. राज्य सरकारने स्वतःच्या मोजणीवरून पावणेदोन कोटी सांगितली. दोघेही आपापल्या आकड्यावर ठाम राहिले. यादीऐवजी मी तुला एक प्रश्न देतो आणि तो पुरेसा का आहे, ते पटवून देतो. प्रश्न साधा आहे: आधी इथे काय होतं?

सल्ला देणाऱ्याचं अगदीच चुकलं आहे असं नाही. घानाच्या किनाऱ्यावर 1482 पासून उभा असलेला एल्मिनाचा किल्ला आहे, केप कोस्टचा आहे. डाकारजवळ गोरे बेट आहे. तिथे गेलेल्या माणसाला गुलामांच्या व्यापाराची दगडात बांधलेली गोष्ट तयार मिळते. लागोसला तसला किल्ला नाही. पोर्तुगिजांनी या जागेला खाडीसरोवरांवरून नाव दिलं, पण गड बांधला नाही. आजूबाजूला वाळू, चिखल आणि पाणी. शिवाय खाडीच्या तोंडाशी वाळूचा असा दांडा की मोठी जहाजं बाहेरच थांबत. स्थानिक लोक गावाला आजही एको म्हणतात. बेनिन राज्याच्या सैन्याची इथे छावणी होती, तिच्यावरून हे नाव पडलं असं मानतात. इंग्रजांनी डिसेंबर 1851 मध्ये तोफा डागून गावाचा मोठा भाग जाळला आणि 1861 मध्ये राजा दोसुन्मूकडून ते लिहून घेतलं. नंतर बंदर वाढलं, माणसं वाढली, बेट मात्र तेवढंच राहिलं. जागा तोकडी आणि गरज मोठी असली की प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या घरावरच घर चढवते. म्हणून लागोसमध्ये वास्तू जुनी किती किंवा सुंदर किती, हे विचारून हाती फार लागत नाही. तिचा उपयोग कसा बदलला, हे विचारलं की शहर बोलू लागतं.

याचा पुरावा लागोस बेटावर तासाभराच्या पायपिटीत मिळतो. ताफावा बालेवा चौक म्हणून जो पांढऱ्या घोड्यांच्या पुतळ्यांचा भला थोरला पटांगणवजा भाग आहे, तो इंग्रजी अमदानीतला रेसकोर्स. साहेबाच्या घोड्यांसाठी राखलेल्या त्याच मैदानावर 1 ऑक्टोबर 1960 रोजी युनियन जॅक उतरला. घोडे पुतळ्यांत गेले ते नंतर. तिथून जवळ ब्रॉड स्ट्रीटवर फ्रीडम पार्क आहे. तो इंग्रजांचा तुरुंग होता, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला. नायजेरियन राष्ट्रवादाचे जनक मानले जाणारे हर्बर्ट मॅकॉले इथे कैदेत होते. स्वातंत्र्याच्या पन्नाशीला, 2010 मध्ये, वास्तुविशारद थिओ लॉसन यांच्या आराखड्यानुसार त्याची बाग झाली. पण तुरुंग पुसून टाकला नाही. कोठड्यांच्या ओळी दिसतात, कैद्यांचं स्वयंपाकघर होतं तिथे आता खाण्याचे गाळे आहेत आणि फाशीच्या जागी नाटक-गाण्याचा मंच आहे. हे वाचून अंगावर काटा आला, तर परळच्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये तो का येत नाही, याचाही विचार कर. पलीकडे ओनिकानला राष्ट्रीय संग्रहालय आहे, 1957 सालचं. तिथे नोक संस्कृतीतली मातीची शिल्पं आणि बेनिनची पितळी कामं आहेतच, पण लोक घुटमळतात ते गोळ्यांनी चाळण झालेल्या एका काळ्या मर्सिडीजपाशी. 13 फेब्रुवारी 1976 रोजी सरकारप्रमुख मुर्ताला मोहम्मद या गाडीतून फौजफाटा न घेता कचेरीत निघाले होते. वाहतूक तुंबली, गाडी थांबली आणि मारेकऱ्यांनी तिला गाठलं. लागोसच्या ट्रॅफिकला, तिथल्या भाषेत 'गो-स्लो'ला, कंटाळून शिव्या देशील तेव्हा ही मोटार आठव. या शहरातली वाहतूककोंडीसुद्धा संग्रहालयात जाऊन बसली आहे.

हाच प्रश्न 1977 सालाला विचार. इगान्मूचं राष्ट्रीय नाट्यगृह लष्करी टोपीच्या आकाराचं आहे. बल्गेरियातल्या वार्ना शहरातल्या एका सभागृहावरून त्याचा नमुना घेतला आणि फेस्टॅक या जगभरच्या कृष्णवर्णीयांच्या कलामहोत्सवासाठी ते बांधलं. महोत्सवाचं बोधचिन्ह होतं राणी इडियाचा हस्तिदंती मुखवटा, 1897 च्या स्वारीत इंग्रजांनी बेनिनहून नेलेला. तो उसना मागितला तर ब्रिटिश म्युझियमने दिला नाही. प्रतिकृतीवर भागवावं लागलं. आता याला जोडून इकेजाला गायक फेला कुटीचं शेवटचं घर पाहा, जे 2012 पासून संग्रहालय आहे आणि जिथे त्याची समाधी आहे. फेस्टॅक 12 फेब्रुवारीला संपला आणि 18 फेब्रुवारीला सैनिकांनी फेलाचं तेव्हाचं घर, त्याचं 'कलाकुता रिपब्लिक', जाळलं. त्याची आई फुनमिलायो, स्त्रियांच्या चळवळीतली मोठी पुढारी, हिला खिडकीतून फेकलं. पुढच्या वर्षी ती गेली. आफ्रिकेच्या संस्कृतीचा गौरव करणारं सरकार आणि त्या संस्कृतीतला सर्वांत मोठा आवाज दडपणारं सरकार यांच्यात सहा दिवसांचं अंतर होतं. ही दोन ठिकाणं यादीत 'नाट्यगृह' आणि 'गायकाचं घर' म्हणून वेगवेगळ्या ओळींवर येतात, आणि दोन्हींचा अर्थ हरवतो. नाट्यगृहाला आता लेखक वोले शोयिंका यांचं नाव दिलं आहे. यादवी युद्धाच्या काळात याच देशाच्या लष्करी सरकारने त्यांना तुरुंगात ठेवलं होतं.

समुद्रकिनाराही या नियमातून सुटत नाही. बार बीचवर 1970 च्या दशकात जाहीर गोळीबाराने देहदंड देत आणि बघ्यांची गर्दी उसळे. तो किनारा माणसाने बनवलेल्या एका गोष्टीमुळे झिजत गेला: 1908 नंतर बंदराच्या तोंडाशी दगडी बांध घातले, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत येणारी वाळू त्यांच्यापाशी अडली आणि पुढचा किनारा उपाशी राहिला. शतकभर समुद्र जमीन खात आला. आता तिथेच साडेआठ किलोमीटरच्या भिंतीच्या योजनेसह दहा चौरस किलोमीटर भराव घालून 'एको अटलांटिक' नावाची श्रीमंतांची नगरी उभी राहते आहे. बांधणाऱ्यांच्या मते ती समुद्राने गिळलेली जमीन परत मिळवते. टीकाकारांच्या मते अडलेल्या लाटा आणि वाळूची उपासमार आता पूर्वेच्या गरीब वस्त्यांच्या वाट्याला येणार. बांधांचा इतिहास पाहिला तर टीकाकारांची शंका मला जास्त वजनदार वाटते.

तू म्हणशील, मामा, मला सुट्टीत इतिहासाचा तास नको. लेक्की अभयारण्यातला 401 मीटर लांबीचा झाडांच्या शेंड्यांमधला झुलता मार्ग मला पुरे, माकडं पाहीन, परत येईन. जरूर जा. नाईके डेव्हिस-ओकुन्दाये यांच्या कलादालनातही जा, प्रवेशाला पैसे पडत नाहीत. तिथलं आदिरे कापड पाहा. साबुदाणा ज्या कंदापासून करतात त्याच कंदाची खळ पिसाने लावून कापड निळीत बुडवतात, खळ असेल तिथे रंग चढत नाही. पण आनंद आणि प्रश्न यांत विरोध आहे असं समजणं चुकीचं आहे. लेक्कीचं ते 78 हेक्टर जंगल इतकं हिरवं का वाटतं? कारण आजूबाजूचा सगळा दलदलीचा द्वीपकल्प बंगल्यांखाली गेला आहे. हे ठाऊक असलेल्या माणसाला झुलता मार्ग कमी आवडत नाही.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे. थर्ड मेनलँड ब्रिजवरून माकोको दिसतं, पाण्यात रोवलेल्या खांबांवरची कोळ्यांची वस्ती. होडी ठरवून ती दाखवणारे आहेत. गरिबांचं घर हे प्रेक्षणीय स्थळ कसं? मला हा आक्षेप जवळजवळ मान्य आहे. जाशील तर वस्तीतल्या माणसाबरोबर जा, फोटो विचारून काढ, नाहीतर जाऊच नकोस. 'जवळजवळ' एवढ्यासाठी म्हणतो की माकोकोकडे न पाहण्याचा फायदा शहराने आजवर पाडापाडीसाठी करून घेतला आहे. 2012 मध्ये बहात्तर तासांच्या नोटिशीवर तिचा पाण्यालगतचा भाग तोडला. उलट बाजूने, नुसतं कौतुकाने पाहणंही पुरत नाही. तिथली तरंगती शाळा जगभरच्या मासिकांत झळकली. 2016 च्या मेअखेर तिच्या दुसऱ्या आवृत्तीला व्हेनिसमध्ये रौप्य सिंह मिळाला आणि दहा दिवसांनी माकोकोतली मूळ शाळा वादळी पावसात कोसळली. मुलं आधीच हलवली होती म्हणून निभावलं.

शेवटचा आक्षेप माझा मलाच टोचतो. जागांचे उपयोग बदलतात त्यातच मजा आहे असं म्हणणं म्हणजे तोडफोडीला शाबासकी देणं तर नव्हे? ब्राझीलच्या गुलामगिरीतून सुटून परतलेल्या लोकांनी लागोस बेटावर एक मोहल्ला वसवला आणि नक्षीदार कमानींची घरबांधणी आणली. त्यांच्याच एका कारागिराच्या देखरेखीखाली शिट्टा-बे मशीद झाली, 1894 मध्ये खुली झालेली. ब्राझीलहून आलेल्या कॅथलिकाच्या हातची, ऑटोमन सुलतानाने 'बे' किताब दिलेल्या सिएरा लिओनमध्ये जन्मलेल्या योरूबा वंशाच्या व्यापाऱ्याच्या पैशाने उभी राहिलेली ही मशीद आजही वापरात आहे. तिचा उपयोग बदलला नाही आणि म्हणून तिची किंमत कमी होत नाही. माझा मुद्दा बदल चांगला की वाईट हा नाहीच. बदल कोणी, कोणासाठी आणि काय शिल्लक ठेवून केला, यावर तो पारखावा. फ्रीडम पार्कने कोठड्या ठेवल्या, म्हणून तिथे आधी काय होतं हे शाळकरी पोरालाही कळतं. टिनुबू चौकाजवळचं इलोजो बार हे त्याच परतलेल्या लोकांचं घर 1855 सालचं, आणि 1956 पासून संरक्षित राष्ट्रीय स्मारक होतं. सप्टेंबर 2016 मध्ये ते जमीनदोस्त झालं. मागे काही उरलं नाही.

बेटावरून नाट्यगृहापर्यंत ब्लू लाइन रेल्वेने जाता येतं, 2023 पासून. पिवळ्या डान्फोंचा, म्हणजे तिथल्या वडापांचा, नाद त्या फेरीपुरता तरी सोड. बाकी बेट पायी फीर आणि त्यासाठी रविवार धर, रस्ते मोकळे असतात. इलोजो बार पाडलं तो दिवसही रविवारच होता.

तुझा
मामा